स्त्रीभूमिका कोणी करावी? : बडोद्याच्या रंगस्मृतींच्या निमित्ताने

दिनांक २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्या बडोदे शहरी केला. नाटककार तो पाहावयास हयात नव्हते. पुरता महिनाही लोटला नव्हता, २३ जानेवारीस सावनेर येथे त्यांचे देहावसान झाले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचून दिली. गडकऱ्यांचा जन्म नवसारी प्रांतातला, म्हणजे बडोदे संस्थानातलाच. तेव्हा संस्थानात जन्मलेल्या नाटककाराची मोठी कृती संस्थानच्या राजधानीतच प्रथम रंगभूमीवर यावी, हा योग बडोदेकर रसिक आजही अभिमानाने सांगतात. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडस यांनी केली आणि सिंधूची भूमिका नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व यांनी.

त्या रात्री रंगमंचावर एकही स्त्री नव्हती. सिंधू पुरुष होता आणि गीताही पुरुषच होता. व्यसनी नवऱ्याच्या संसारात होरपळणाऱ्या बाईचे जे दुःख मराठी माणसाने पुढे दोन पिढ्या उराशी बाळगले, ते त्याला प्रथम दिसले आणि ऐकू आले ते पुरुषाच्या देहातून आणि पुरुषाच्या कंठातून. यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून हीच वहिवाट चालत आलेली होती.

शताब्दीच्या स्मरणिकेत हा विषय का घ्यावा, असा प्रश्न सभासदांना पडेल. त्याचे कारण आमच्या वृत्तपत्र-कक्षातच घडले. २०२३ साली ‘ताली’ ही मालिका आली. तीत तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या श्रीगौरी सावंत यांची भूमिका सुष्मिता सेन या अभिनेत्रीने केली. ती भूमिका तृतीयपंथी कलावंतालाच का दिली नाही, अशी चर्चा वृत्तपत्रांतून झाली आणि तिचे पडसाद कक्षातील लांब टेबलाभोवतीही उमटले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हा प्रश्न पडावा, हेच नवल.” त्यावर एका तरुण सभासद भगिनीने शांतपणे विचारले, “काका, बालगंधर्व सिंधू झाले तेव्हा सिंधू व्हायची परवानगी कोणत्या बाईला होती?” टेबलावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. प्रस्तुत लेख त्या शांततेतून निघालेला आहे.

प्रथम आपल्या गावाविषयी. स्त्रीभूमिकेचा हा सारा इतिहास बडोद्याला वगळून सांगताच येत नाही. संगीत रंगभूमीचा पहिला मोठा स्त्रीभूमिकाकार बडोद्याचा. लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर यांचा जन्म १८६३ साली येथे झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आणले, पण त्यांना हवा तसा गळा मिळाला तो १८८२ साली, भाऊराव बडोद्याहून त्यांच्या मंडळीत गेले तेव्हा. त्याच वर्षी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले आणि भाऊरावांची सुभद्रा घरोघरी पोचली. ‘भावड्या’ या लाडक्या नावानेच लोक त्यांना ओळखू लागले. वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. १८९९ साली देवलांच्या ‘शारदा’ नाटकात ते कोदंड झाले होते. १९०१ साली, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. त्यांच्या मागे जी जागा रिकामी झाली, ती १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी भरून काढली. आणि १९१३ साली बोडस व गोविंदराव टेंबे यांच्या साहाय्याने गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाल्यावर तिला श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. बडोदेकर म्हणून तिचा उल्लेख टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या राजाने १८९३ साली अमरेली महालात व १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि त्यातून मुलींना वगळले नाही, ज्याने १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा निबंध जारी केला, ज्याच्या राणीने, दुसऱ्या चिमणाबाईंनी, १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले, त्याच्या आश्रयाखालील नाट्यमंडळीत नायिका पुरुषच होते. संस्थानात गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया नव्हत्या, असेही नाही. कलावंत कारखान्यात त्या पगारी होत्या. पहिल्या चिमणाबाई तंजावरहून आल्या, तेव्हा त्यांच्यासमवेत तिकडील नर्तकीही येथे आल्या आणि दरबारात त्यांचे नृत्य होत राहिले. म्हणजे स्त्रीने राजवाड्यात नाचावे यास हरकत नव्हती. परंतु नाटकात कुलीन सुभद्रा, सालस सिंधू व्हायचे, तर तिथे तिची गरज नव्हती. किंबहुना तिची अडचणच होती.

ही अडचण नेमकी कोणती? कलावंतीण रंगमंचावर आली असती, तर घरंदाज बायकांनी ते नाटक पाहिले नसते. पुरुषाने साकारलेली कुलवधू मात्र निःशंकपणे पाहता येत होती. तिच्याकडे पाहताना समोर एक खरीखुरी परकी बाई आहे, ही भावना आड येत नव्हती. म्हणूनच बालगंधर्वांच्या नाटकांना स्त्रियांची गर्दी होई आणि त्यांचे लुगडे नेसणे, अंबाडा, नथ, दागिने यांचे अनुकरण घराघरांतून होई. पुरुषाने दाखवलेले स्त्रीत्व स्त्रियांनी उचलले, असा हा विलक्षण व्यवहार होता. त्यात सौंदर्य होते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्यात निवडही होती. लाजणारी, रुसणारी, सोसणारी, शेवटी पतीच्या पायाशी विसावणारी स्त्री त्या साच्यात उत्तम बसे. तिच्या रागाला आणि तिच्या थकव्याला त्यात फारशी जागा नव्हती. सिंधूचे सोसणे आपल्याला इतके गोड का वाटले, याचा विचार करताना ते सोसणे कोणी आखले आणि कोणी गायिले, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या कलेची किंमत मुलांनीही मोजली. आठ-दहा ते पंधरा वर्षांची, गोड गळ्याची, नाकीडोळी नीटस मुले नाटक मंडळ्या हेरून आणीत. शाळा सुटे, घर सुटे. केस वाढवायचे, चाल बदलायची, आवाज फुटू नये म्हणून देवाला साकडे घालायचे आणि तो फुटला की पुढे काय, ही चिंता करायची. ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द रंगमंचावर कौतुकाचा आणि गल्लीत हेटाळणीचा होता. केशवराव भोसले बालवयात शारदा झाले होते. पुढे त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढून पुरुषभूमिका गाजविल्या. मास्टर दीनानाथांनी ‘भावबंधना’तील लतिका आणि ‘रणदुंदुभी’तील तेजस्विनी केली. विष्णुपंत पागनीसांचे उदाहरण तर विशेष मननीय आहे. ज्यांची हयात स्त्रीभूमिका करण्यात गेली, तेच १९३६ साली ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात तुकोबा झाले आणि लोकांनी त्यांना हात जोडले.

आपल्या गुजराती बांधवांच्या रंगभूमीवरही हीच कथा आहे. विसनगरचे जयशंकर भोजक १९०१ साली, बारा वर्षांचे असताना, ‘सौभाग्यसुंदरी’ नाटकात सुंदरी झाले आणि जन्मभर ‘सुंदरी’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. त्यांनी ‘थोडां आंसु, थोडां फूल’ या आत्मकथनात, प्रथम स्त्रीवेष करून आरशापुढे उभे राहिल्यावर मनाची काय अवस्था झाली, ते अत्यंत नितळपणे लिहिले आहे. आरशात त्यांना वेषांतर केलेला मुलगा दिसला नाही, एक तरुणी दिसली. आपल्याकडील नटांच्या आठवणींत अशी कबुली मला आढळली नाही. बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांची ‘बहुरूपी’ ही दोन्ही पुस्तके रंगभूमीविषयी पुष्कळ सांगतात; वेष उतरविल्यावर त्या मुलांच्या मनात काय उरत असे, याविषयी मात्र आपल्या रंगभूमीने विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

शास्त्राचा आधार शोधणाऱ्यांसाठीही बडोदेच पुढे येते. भरताचे ‘नाट्यशास्त्र’ अभिनवगुप्ताच्या टीकेसह गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२६ सालचा आहे. त्यात भूमिकांची वाटणी करताना भरताने तीन प्रकार मानले आहेत. स्त्रीची भूमिका स्त्रीने व पुरुषाची पुरुषाने, वयाला अनुसरून करावी, ती अनुरूपा. बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची करावी, ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची वा स्त्रीने पुरुषाची करावी, ती रूपानुसारिणी. हा तिसरा प्रकार भरत निषिद्ध ठरवीत नाही. परंतु एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याच्या नाट्यात स्त्रियाही होत्या. वाट दोन्ही बाजूंनी मोकळी होती. जपानात १६२९ साली स्त्रियांना काबुकीतून हद्दपार केले, तेव्हा तेथील पुरुषांची स्त्रीभूमिकेची कला वाढीस लागली. इंग्लंडात १६६० पर्यंत शेक्सपिअरच्या नायिका मुलगेच करीत. दोन्हीकडे आणि आपल्याकडेही कला थोर झाली. तरी ती उभी राहिली ती बंद दारापुढे.

ते दार आपल्याकडे कसे उघडले, त्याचा इतिहास खरोखर रंजक आहे. आमच्या कलाभवनात काही काळ शिकलेले दादासाहेब फाळके १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढीत होते, तेव्हा तारामतीसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. ज्या साली गंधर्व मंडळी निघाली, त्याच सालची ही गोष्ट. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हे जाता जाता सांगतो.

रंगभूमीवरील पालटाचा धागा पुन्हा बडोद्याशीच जुळतो. येथील दरबारात गाणारे अब्दुल करीम खाँ आणि येथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांनी घर सोडून संसार थाटला. त्यांची मुलगी चंपाकली म्हणजेच हिराबाई. आईच्या गावाची खूण म्हणून त्यांनी ‘बडोदेकर’ हे आडनाव लावले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांच्या सांध्यावर हिराबाईंनी आपल्या भावंडांसह नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेतर्फे नाटके केली. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत होत्या. भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा उभी केली त्याला पन्नास वर्षे होत आली होती, आणि आता सुभद्रा झाली एक बडोदेकर. बेळगावकर मंडळीसारख्या केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही त्या काळात होत्या. तेथे पुरुषभूमिका स्त्रिया करीत. परंतु त्यांच्या वाट्याला राजाश्रयही आला नाही आणि इतिहासातील पानेही फार आली नाहीत. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने मुंबईस ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली. ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी त्यात कामे केली. ब्यर्न्सनच्या मूळ नॉर्वेजियन नाटकाचा विषयच असा की, शीलाची जी कसोटी बाईला लावता ती पुरुषालाही लावा. असे संवाद पुरुषाने बाईच्या वेषात म्हटले असते, तर त्यांचा अर्थ किती उरला असता, याचा वाचकांनीच विचार करावा.

मात्र दार उघडले म्हणजे आतली माणसे लगेच सरकून जागा देतात, असे नाही. रंगभूमीवर आलेल्या स्त्रियांची तुलना अनेक वर्षे बालगंधर्वांशी होत राहिली. बाईने बाई कशी असावी, हे पुरुषाच्या नमुन्यावरून ठरविले जाई. चौथ्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत येऊन नायिकेची कामे करू लागल्या, तेव्हा जुने प्रेक्षक नाराज झाले. उलट बाजूने पाहता बालगंधर्वांवरही या साच्याने अन्यायच केला. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ झाले. प्रेक्षकांनी त्यांना पुरुष म्हणून मनापासून स्वीकारले नाही. मग १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. वय झाल्यावर, देह साथ देईनासा झाल्यावरही लोक त्यांच्याकडून तीच रुक्मिणी आणि तीच सिंधू मागत राहिले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६७ साली ते गेले.

आता मूळ वादाकडे येतो. बालगंधर्वांचा दाखला दोन्ही पक्ष देतात, पण प्रत्येकजण त्याचा अर्धाच भाग घेतो. नटाने स्वतःहून भिन्न अशा व्यक्तीचे रूप घ्यावे, यातच नाट्यकलेचे मर्म आहे, हे ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे खरे आहे. सिंधूने ते सिद्ध करून दाखविले. परंतु स्त्रियांना बाहेर ठेवणे योग्य होते, असे सिंधूच्या यशाने सिद्ध होत नाही. पुरुष उत्तम स्त्री होऊ शकतो ही एक गोष्ट. स्त्रीला स्त्री होऊ द्यायचे नाही ही दुसरी. आपण या दोहोंची गल्लत करतो आणि पहिलीच्या आधाराने दुसरी झाकतो.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत आज होते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्यांच्या आयुष्यावर आपल्या भाषेत आणि शेजारच्या भाषांत चित्रपट निघाले आणि ते गाजलेही. पण त्या कथांत काम करण्यासाठी त्यांना बोलावण्याची पद्धत पडली नाही. १९१३ साली तारामतीसाठी फाळक्यांनी निदान शोध तरी केला होता. स्त्रिया प्रेक्षकांत निम्म्या होत्या, त्यामुळे त्यांचा दाब कालांतराने पडला. ज्यांची संख्या अल्प, ज्यांना घरातून काढलेले आणि शाळेतून टाकलेले, त्यांचा दाब कोण मानणार? २०१८ साली अमेरिकेत स्कार्लेट जोहान्सन या अभिनेत्रीने, जन्माने स्त्री मानल्या गेलेल्या पण पुरुष म्हणून जगलेल्या व्यक्तीची भूमिका स्वीकारल्यावर टीका झाली आणि तिने माघार घेतली. आपल्याकडे ‘ताली’च्या वेळी तेवढा गदारोळ झाला नाही. श्रीगौरी सावंत यांनी स्वतः त्या मालिकेचे स्वागत केले, हेही नमूद केले पाहिजे. प्रसिद्ध चेहरा असल्याशिवाय अशी मालिका निघाली असती का, हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. योगायोग असा की, ‘ताली’चे दिग्दर्शक रवी जाधव यांनीच ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’ हे चित्रपटही केले होते. ‘नटरंग’मध्ये नाच्या झाल्यामुळे गावाने वाळीत टाकलेला पैलवान गडी आहे. २००९ सालच्या ‘जोगवा’तील तायप्पाला तर देवीच्या नावाने सक्तीने लुगडे नेसविलेले आहे, ती त्याची ओळख नसून त्याच्यावर लादलेला वेष आहे. उपेंद्र लिमये यांनी ती भूमिका राष्ट्रीय पुरस्कार मिळण्याइतकी उत्तम केली. तेव्हा ‘वेगळ्या’ दिसणाऱ्या प्रत्येक भूमिकेला एकच नियम लावणे हेही शहाणपणाचे नव्हे.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, जो जसा आहे त्याने तशीच भूमिका करावी, असा नियम मला मान्य होणार नाही. तसा नियम असता तर पागनीसांना तुकोबा करता आले नसते. आणि उद्या एखादा तृतीयपंथी कलावंत सुधाकर किंवा तळीराम होऊ पाहील, तर त्याच नियमाने त्यालाही अडवावे लागेल. शिवाय, आपण आतून कोण आहोत, हे प्रत्येक नटाला तालमीच्या आधी जाहीर करावे लागेल, ते वेगळेच. परंतु अनुरूपा, विरूपा आणि रूपानुसारिणी या तिन्ही वाटा सर्वांना मोकळ्या असतील, तेव्हाच भरताचा दाखला देण्याचा अधिकार आपल्याला पोचेल. आज ज्याची कथा सांगावयाची, त्याला निदान तालमीच्या खोलीपर्यंत बोलवावे, वाचनाला बसवावे, गळा ऐकावा. मग निवड कोणाचीही होवो. निर्मात्याने हे केले नसेल, तर ‘कला सर्वांची’ हे उत्तर त्याने देऊ नये. ज्येष्ठ सभासदांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग सिंधू कोणी करावी?” मी म्हटले, “जिला किंवा ज्याला जमेल त्याने. पण परीक्षा सगळ्यांची घ्या.” त्यांना ते पुरते पटले नाही. अजूनही दर रविवारी सकाळी आमचा वाद होतो.

शेवटी एक विनंती. आमच्या कपाटांत नटांची आत्मचरित्रे आहेत, नाटकांच्या जुन्या आवृत्त्या आहेत. ज्या स्त्रियांनी आरंभीच्या काळात रंगमंचावर पाऊल ठेवले, त्यांच्या हातचे मात्र फारच थोडे आहे. स्त्री नाटक मंडळ्यांच्या हस्तपत्रकांपैकी तर एकही नाही. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, वाडीत ज्यांची जुनी घरे आहेत, त्यांनी माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. जाहिरात, तिकीट, छायाचित्र, पत्र, जे सापडेल ते वाचनालयास द्यावे किंवा नक्कल करून घेण्यापुरते आणावे. कार्यालय सायंकाळी उघडे असते.